मंद आच, मऊ मटण

आज एका भांड्याची गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी थोडी घरची गोष्ट सांगते. तुमच्याही घरी ती घडत असेल आणि माझ्यासारखीच तुमच्याही लक्षात आली नसेल.

आमच्याकडे रविवारी मटण असते. सासूबाईंना ते फार आवडायचे. नळी कुणाला आणि मऊ तुकडा कुणाला, हे वर्षानुवर्षे त्याच ठरवायच्या. गेली दीडदोन वर्षे मात्र मी त्यांच्या ताटात दोन तुकडे वाढले, की त्या रश्श्यात भाकरी कुस्करून खायच्या आणि तुकडे हळूच धाकट्याच्या ताटात सरकवायच्या. "वय झालं गं माझं. आता वासनाच उडाली खाण्यावरची," असे म्हणायच्या. मीही ते खरे धरून चालले. म्हातारपणी माणसाचे खाणे कमी होतेच, नाही का?

एकदा रविवारी दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. पाहते तर सासूबाई ओट्याशी उभ्या. समोर त्यांचा पान कुटायचा लहानसा खलबत्ता, आणि त्यात सकाळच्या मटणाचा एक तुकडा. तो त्या कुटत होत्या. मला पाहून इतक्या ओशाळल्या, की मलाच कुठे पाहावे ते कळेना. म्हणजे वासना कुठेच उडाली नव्हती. दात गेले होते, कवळी हिरड्यांना टोचत होती, आणि सुनेला रोज वेगळे शिजवायला कसे सांगायचे म्हणून बाई गप्प बसल्या होत्या.

त्या दिवसापासून मी मटण मऊ करण्याच्या मागे लागले. कुकरच्या पाच शिट्ट्या केल्या, सात केल्या, एकदा तर दहा केल्या. पाच शिट्ट्यांत तुकडा चिवट राहायचा, दहात त्याचा नुसता सुताडा व्हायचा. दोऱ्यादोऱ्यांचा, कोरडा, आणि चव सगळी रश्श्यात गेलेली. कच्ची पपई लावून पाहिली. वरून पिठूळ आणि आत तसेच. मग आठवण झाली माळ्यावरच्या खोक्याची.

माझी लेक शिकागोजवळ राहते. तिकडे हिवाळा कडाक्याचा आणि नवराबायको दोघेही कामावर. तिथल्या बायका सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी एका विजेच्या भांड्यात मांस, बटाटे, गाजरे, कांदा घालतात, झाकण ठेवतात, बटण फिरवतात आणि जातात. संध्याकाळी दार उघडले की घरभर वास आणि जेवण तयार. या भांड्याला म्हणतात स्लो कुकर. लेकीने हौसेने एक इकडे पाठवला होता. मी तो खाली काढला, पुसला आणि लावला आपल्या भिंतीतल्या प्लगला. पाच मिनिटांत जळका वास आणि धूर! अहो, तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. खोक्यावर ते लिहिलेले होते, पण वाचते कोण? तेव्हा मैत्रिणींनो, परदेशातून कुणी असे काही पाठवले, तर आधी त्याच्या बुडाशी चिकटवलेली पट्टी वाचा. मी पुढे आपल्याकडे मिळणारा, २३० व्होल्टचा साडेतीन लिटरचा कुकर घेतला. हल्ली विजेच्या काही प्रेशर कुकरनाही मंद शिजवण्याचे बटण असते. घरात तसा असेल, तर नवीन घ्यायचे कारणच नाही.

हे भांडे मूळचे कुणाचे?

शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन नावाच्या ज्यू गृहस्थांनी १९३६ साली या भांड्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० साली त्यांना ते मिळाले. पण कल्पना त्यांना सुचली ती आईच्या आठवणींवरून. त्यांची आई लिथुआनियातल्या व्हिल्नाकडची. ज्यू लोकांत शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ पाळतात. त्या काळात चूल पेटवायची नाही. (आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल लोकही शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना 'शनवार तेली' म्हणत.) मग शनिवारी गरम जेवायचे कसे? व्हिल्नाकडच्या बायका शुक्रवारी दुपारी मांस, घेवड्याचे दाणे आणि बटाटे भांड्यात भरून ते पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवत. भट्टी विझलेली, पण तिची ऊब रात्रभर टिकणारी. त्या ऊबेवर ते जेवण शिजत राही. त्याला म्हणतात चोलंट. मुलाने आईची ती भट्टी विजेवर आणली, इतकेच.

नॅक्सन यांचे भांडे बरीच वर्षे घेवडा शिजवायचे भांडे म्हणूनच विकले जाई. १९७० साली रायव्हल नावाच्या कंपनीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ साली तेच भांडे 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणले. तो काळ तिकडच्या बायका मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडण्याचा. भांडे घरोघर पोचले, आणि त्यात गोमांसाचा स्ट्यू शिजू लागला.

आणि आपल्याला तरी हे नवे कुठे आहे? आपल्या आज्यांच्या चुलीला शेजारी वैल असायचा. मुख्य चुलीवर भाकरी व्हायच्या आणि वैलावर, निखाऱ्यांच्या ऊबेवर, आमटी नाहीतर मटण तासन्‌तास रटरटत असायचे. १९१० साली बंगालच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 'इकमिक कुकर' काढला. त्यातही खाली कोळसा आणि वर डबे रचून जेवण आपोआप शिजायचे. गॅस आला, शिट्टी आली आणि वैल गेला. त्याबरोबर मंद शिजवण्याची सवयही गेली.

मटण मऊ होते म्हणजे काय?

जनावराचा जो भाग जास्त राबतो, म्हणजे मान, खांदा, पाय, तो चिवट. त्यात मांसाच्या धाग्यांना बांधून ठेवणारे पांढरे पडदे आणि शिरा भरपूर असतात. हे पांढरे मंद आचेवर, पाण्याच्या सोबतीने, हळूहळू विरघळते आणि त्याचा चिकट, दाट रस होतो. बोटांना चिकटतो ना, तोच. तो धाग्याधाग्यांत भरून राहतो, म्हणून तुकडा ओलसर आणि मऊ लागतो. या विरघळण्याला वेळ लागतो. जोराची आच दिली, तर ते विरघळतेही लवकर, पण मांसाचे धागे आक्रसतात आणि आपला रस पिळून टाकतात. माझ्या दहा शिट्ट्यांचा सुताडा झाला तो असा. स्लो कुकरमध्ये अन्न उकळीच्या जरा खालीच राहते. कुठे घाई नाही.

म्हणूनच अमेरिकेत या स्ट्यूला जनावराच्या खांद्याचे, त्यातल्या त्यात स्वस्त मांस घेतात. महाग, कोवळा, चरबी नसलेला भाग या भांड्यात उलट कोरडा पडतो. आपणही मटणवाल्याला मांडीचे नुसते लुसलुशीत तुकडे मागू नका. "खांद्याचं आणि मानेचं द्या, दोन नळ्या घाला," असे सांगा.

आता गोमांसाविषयी. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवरची बंदी २०१५ पासून बैल आणि वळू यांनाही लागू झाली आहे. आमच्या घरात तर ते कधी शिजलेच नाही. लेक शेजारणीकडून स्ट्यू शिकली, तीही तो बकऱ्याच्या मटणाचाच करते. कृती तीच, पदार्थ आपला. ज्या घरी म्हशीचे मांस शिजते, त्या मैत्रिणींनी याच कृतीने करावे, फक्त दोनेक तास जास्त धरावेत.

माझा पहिला प्रयत्न साफ फसला, तेही सांगून टाकते. कच्चे वाटण, कच्चा कांदा, मटण आणि तांब्याभर पाणी असे सगळे एकदम घालून मी निर्धास्त झाले. संध्याकाळी झाकण काढले तर पांढरट पाणी आणि त्याला कच्च्या कांद्याचा उग्र वास. चूक कळली ती अशी, की या भांड्यात काहीही परतले जात नाही आणि काहीही आटत नाही. परतायचे ते आधी कढईत परतून घ्यायचे आणि पाणी नेहमीच्या निम्मेच घालायचे.

मटणाचा स्ट्यू (पाच-सहा माणसांसाठी)

साहित्य : हाडांसकट १ किलो मटण, मोठे तुकडे करून, ३ बटाटे, ३ गाजरे, २ मोठे कांदे, २ टोमॅटो, ७-८ लसूण पाकळ्या, इंचभर आले, २ चमचे कणीक किंवा मैदा, १ चमचा मिरेपूड, २ तमालपत्रे, दालचिनीचा बोटभर तुकडा, ४ लवंगा, वाटीभर मटार, ३ मोठे चमचे तेल, २ वाट्या गरम पाणी, चवीला मीठ, वरून घालायला कोथिंबीर आणि लिंबू.

कृती : मटण धुऊन पूर्ण निथळू द्या आणि फडक्याने टिपून घ्या. ओल्या तुकड्याला रंग येत नाही, तो नुसता वाफवतो. तुकड्यांना मीठ, मिरेपूड आणि कणीक चोळा. जाड बुडाच्या कढईत तेल चांगले तापवा आणि चार-पाचच तुकडे एका वेळी घालून सर्व बाजूंनी तांबूस होऊ द्या. तांबूस केल्याने रस आत कोंडला जातो असे म्हणतात, ते काही खरे नाही. तांबूस करायचे ते चवीसाठी. ती खमंग चव पाण्यात नुसते शिजवून कधीच येत नाही. कणकेने रसही दाट होतो.

तुकडे काढून त्याच तेलात तमालपत्र, दालचिनी, लवंगा घाला. मग उभा चिरलेला कांदा गुलाबी होईपर्यंत परता, ठेचलेले आलेलसूण घाला, शेवटी टोमॅटो घालून मऊ करा. आता गरम पाणी ओतून कढईच्या बुडाला लागलेले सगळे खरवडून घ्या. ते टाकू नका हं, खरी चव तिथेच असते.

स्लो कुकरच्या तळाशी बटाट्याच्या आणि गाजराच्या मोठ्या फोडी ठेवा. हो, तळाशीच. आपल्याला वाटते भाजी आधी शिजते, पण या भांड्यात बटाटा-गाजर मटणापेक्षाही सावकाश शिजतात आणि ऊब खालून आणि कडेने येते. त्यावर मटण, त्यावर कढईतला रस. भांडे पाऊण भागापेक्षा जास्त भरू नका. झाकण ठेवा आणि मंदावर आठ तास, किंवा जोरावर साडेचार-पाच तास शिजू द्या. शेवटच्या अर्ध्या तासात मटार घाला. वाढताना कोथिंबीर आणि लिंबाचे चार थेंब.

पावाबरोबर छान, भाताबरोबर छान, आणि आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीबरोबर सर्वांत छान. आपल्या पद्धतीचा झणझणीत रस्सा हवा असेल, तर कांदाखोबऱ्याचे वाटण नेहमीसारखे तेल सुटेपर्यंत परतून मग घाला. गरम मसाला मात्र शेवटी. आठ तास शिजला तर त्याचा वास मरतो. नारळाचे दूधही शेवटीच घाला, नाहीतर फुटते.

स्लो कुकर नसेल तर? अडत नाही. जाड बुडाचे पातेले घ्या, खाली तवा ठेवा, गॅस अगदी बारीक करा आणि वर ताटलीत पाणी ठेवून झाका, आपली आई ठेवायची तसे. अडीच-तीन तासांत तोच मऊपणा येतो. पण मग घर सोडून जाता येणार नाही आणि अधूनमधून ढवळायला लागेल.

एवढे मात्र सांभाळा

मंद आचेचा एक धोकाही आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. शिजताना अन्नाने ही पायरी लवकर ओलांडायला हवी. म्हणून :

मटण फ्रिजरमधले गोठलेले घालू नका. आदल्या रात्री ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटे होऊ द्या. पाणीही गरमच घाला.

उगीच झाकण उघडून पाहू नका. दर वेळी ऊब निघून जाते आणि वीसेक मिनिटे वाढतात.

वीज गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न मोठा. तुम्ही घरी असाल, तर लगेच सगळे पातेल्यात काढून गॅसवर शिजवून टाका. तुम्ही बाहेर असताना वीज किती वेळ गेली होती हे कळायला मार्ग नसेल, तर जीव कितीही तुटला तरी ते टाकून द्या. तोंडात घालून चव पाहण्याचा मोह नको. ज्या भागात वारंवार वीज जाते, तिथे हे भांडे घरी असतानाच लावावे.

राजमा यात कधीही थेट घालू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते. ते चांगले उकळल्यानेच नष्ट होते, मंद ऊबेने नाही. अर्धवट शिजलेल्या राजम्याने काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, नव्या पाण्यात गॅसवर कमीत कमी १० मिनिटे खळखळून उकळा, अर्धा तास उकळलात तर उत्तमच, आणि मगच इतर जिन्नसांत मिसळा.

उरलेला स्ट्यू भांड्यातच ठेवून देऊ नका. पसरट भांड्यात काढा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी गॅसवर उकळी आणून गरम करा, स्लो कुकरमध्ये नाही. आणि आतले चिनीमातीचे भांडे फ्रिजमधून काढून लगेच तापवू नका, तडकते.

शेवटचे, पण म्हाताऱ्या माणसांच्या घरी सर्वांत महत्त्वाचे. इतके शिजल्यावर मटण हाडापासून आपोआप सुटते आणि त्याबरोबर हाडाच्या बारीक कपच्याही सुटतात. वाढण्यापूर्वी चमच्याने बघून त्या काढून टाका.

विजेचे म्हणाल, तर कुकर २०० वॉटचा असेल आणि आठ तास सतत चालला, तरी १.६ युनिट होतात. फार नाही.

आता सासूबाईंचे सांगते. पुढच्या रविवारी सकाळी सातलाच मी कुकर लावला आणि कुणाला काही बोलले नाही. त्या दिवशी जेवायला तीन वाजले. सगळ्यांची कुरकुर चाललेली. मी सगळ्यांच्या ताटात सारखेच वाढले, त्यांच्या ताटात वेगळे काही नाही, "आई, तुमच्यासाठी मऊ केलंय" असेही म्हटले नाही. ते म्हटले असते, तर खलबत्त्याची गोष्ट पुन्हा सगळ्यांपुढे आली असती. त्यांनी सवयीने तुकडा उचलला, धाकट्याच्या ताटाकडे हात गेला. पण तुकडा बोटांतच सुटला. त्यांनी तो तोंडात घातला. मग दुसरा.

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. ताट स्वच्छ झाल्यावर म्हणाल्या, "मीठ जरा कमी पडलंय."

मैत्रिणींनो, गेल्या दोन वर्षांत त्यांनी माझ्या मटणाला नाव ठेवले नव्हते. मी किती सुखावले, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. पुढच्या खेपेला नळी कुणाला, हेही त्यांनीच ठरवले.

तुमच्या घरातही कुणी "मला नको, वासना उडाली" म्हणत असेल, तर एकदा त्यांच्या ताटाकडे नीट पाहा. दात दुखतात का, कवळी सैल झाली आहे का, घास गिळायला त्रास होतो का, हे विचारा, आणि गरज असेल तर डॉक्टरांना दाखवा. म्हातारपणी अंगातली ताकद टिकायला मांस, अंडी, डाळ, दूध यांची गरज कमी होत नाही. नुसत्या रश्श्यावर आणि भाकरीवर दिवस काढू देऊ नका.

आणि हो, एक रविवार हा स्ट्यू करून पाहा. कसा झाला ते कळवा. मिठाचा अंदाज मात्र आपापल्या सासूबाईंना विचारूनच घ्या!